विरघळलेल्याची खूण

एक पदार्थ दुसऱ्यात पूर्णपणे मिसळून गेला म्हणजे त्याचे वेगळेपण संपते, की ते केवळ दिसेनासे होते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी जीव आणि ब्रह्म यांच्या संबंधाचा विचार करताना पुन्हा पुन्हा उपस्थित केला आहे, आणि तो मांडताना त्यांच्या हाताशी सहज आलेला दृष्टांत पाण्यात विरघळलेल्या मिठाचा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात तो उद्दालक आरुणी आणि त्याचा पुत्र श्वेतकेतू यांच्या संवादात येतो. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य तो मैत्रेयीपुढे ठेवतो. तुकोबांनी एका सुपरिचित अभंगात देवाशी समरस होण्याची अवस्था त्यातूनच सांगितली आहे, आणि रामकृष्ण परमहंसांनी समुद्राची खोली मोजायला निघून त्यातच विरघळलेल्या मिठाच्या बाहुलीच्या रूपाने त्याची गोष्ट केली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सागरविज्ञानाने जवळजवळ हाच प्रश्न, कोणताही आध्यात्मिक हेतू न बाळगता, प्रत्यक्ष समुद्राला विचारला. खोल समुद्रातील पाण्याचे थर एकमेकांत किती वेगाने मिसळतात हे मोजण्यासाठी पाण्यात ओळखता येण्याजोगे एखादे द्रव्य सोडायचे आणि महिनोन्‌महिने त्याचा माग काढायचा, अशी ही पद्धत असून त्या द्रव्याला ट्रेसर, म्हणजे माग दाखवणारे द्रव्य, असे म्हणतात. या दोन चौकशा शेजारी ठेवण्यामागे उपनिषदांत आधुनिक विज्ञान सापडते असे सुचवण्याचा हेतू नाही, कारण तसे करणे दोघांवरही अन्यायाचे होईल. मिसळणे ही गोष्ट प्रत्यक्षात कशी घडते हे बारकाईने पाहिले, तर अभेदाच्या या लाडक्या दृष्टांतातील काही दुर्लक्षित जागा उजेडात येतात, एवढेच येथे दाखवायचे आहे.

छांदोग्यात उद्दालक मुलाला पाण्यात मीठ टाकून सकाळी यायला सांगतो, आणि सकाळी रात्रीचे ते मीठ परत मागतो. श्वेतकेतू पाण्यात चाचपून पाहतो, पण ते त्याला सापडत नाही. मग वडील त्याला पाणी एका कडेचे, मधले आणि दुसऱ्या कडेचे असे तीन ठिकाणांहून चाखायला लावतात, आणि तिन्ही वेळा उत्तर एकच येते, खारट. डोळ्यांना आणि बोटांना न गवसलेले मीठ जसे तेथेच आहे, तसे सत्, म्हणजे जगाचे मूळ तत्त्व, या देहात असूनही दिसत नाही, हे उद्दालकाचे तात्पर्य. बृहदारण्यकातला खडाही असाच विरघळतो, जेथून पाणी घ्यावे तेथून ते खारटच लागते. परंतु याज्ञवल्क्य तेवढ्यावर थांबत नाही. त्या महान, अनंत तत्त्वात विलीन झाल्यावर संज्ञा उरत नाही, असे तो सांगतो, आणि संज्ञा म्हणजे ‘हे अमुक’ म्हणून वेगळे ओळखण्याची शक्यता असा त्याचा येथे अर्थ घेता येतो. मैत्रेयी हे ऐकून गोंधळते आणि आपला गोंधळ स्पष्टपणे बोलून दाखवते. त्यावर तो म्हणतो की जेथे द्वैत आहे तेथेच एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, जाणतो. सर्वच आत्मरूप झाले तर कोणी कोणाला कशाने जाणावे? म्हणजे मीठ एकच, पण एका ठिकाणी ते सर्वत्र असण्याचा पुरावा ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी ओळख पुसली जाण्याचे उदाहरण. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, याची चर्चा टीकाग्रंथांत विपुल असली, तरी दृष्टांताच्या भौतिक बाजूकडे तिने फारसे वळून पाहिलेले नाही.

द्वैतमताचे आचार्य मध्व यांनी मात्र या बाजूला हात घातला. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायातील नऊ दृष्टांत, ज्यांत समुद्राला मिळणाऱ्या नद्या आणि पाण्यातले मीठ हेही आहेत, अभेद सिद्ध करत नाहीत, भेदच दाखवतात, असे त्यांनी प्रतिपादले. नदीचे पाणी समुद्रात गेले म्हणून ते समुद्राचे पाणी ‘झाले’ असे होत नाही. आपल्याला दोन्ही वेगळी काढता येत नाहीत हा आपल्या जाणण्याचा तोकडेपणा आहे. अद्वैताच्या अंगाने वाढलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी ओढूनताणून केलेली वाटण्याचा संभव आहे, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती पुष्कळ बळकट आहे, कारण विरघळलेल्या मिठाचे आयन पाण्याचे रेणू बनत नाहीत आणि पाणी आटवले की मीठ जसेच्या तसे मागे राहते.

आता त्या रात्रीकडे आणि त्या हाताकडे पाहावे. मीठ तळाशी टाकून भांडे अजिबात न हलवता ठेवले, तर विरघळलेले मीठ केवळ रेणूंच्या आपसूक हालचालीने वर चढते. या क्रियेला रेणवीय विसरण म्हणतात आणि ती इतकी मंद आहे की वीतभरही नसलेल्या, दहा सेंटिमीटर उंचीच्या पाण्यात ते नीट पसरायला महिन्याहून अधिक काळ लागतो. शिवाय खारे पाणी जड असल्याने ते खालीच बसून राहू पाहते. तेव्हा पूर्ण निश्चल भांड्यात सकाळी वरचे पाणी जवळजवळ गोडेच लागले असते. श्वेतकेतूला तिन्ही ठिकाणी खारटपणा लागला, याचे एक साधे कारण मूळ पाठातच आहे: मीठ शोधताना त्याने पाणी चाचपले होते. जो हात मीठ ‘सापडत नाही’ असे सांगत होता, त्याच हाताने ते सर्वत्र पोहोचवले होते. हा तपशील उपनिषदकारांनी तात्त्विक हेतूने घातला असे म्हणता येणार नाही, पण तो तेथे आहे, आणि मिसळण्यासाठी कोणीतरी ढवळावे लागते ही गोष्ट तो शांतपणे नोंदवून जातो.

समुद्राच्या बाबतीत हा ढवळणारा हात कोणाचा, हे शोधण्यात सागरविज्ञानाची कित्येक दशके गेली. ग्रीनलंडच्या आसपास आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत हिवाळ्यात पृष्ठभागावरचे पाणी अतिशय थंड व जड होऊन खाली उतरते आणि तळातळाने जगभरच्या महासागरांत पसरते. हे पाणी सतत खाली भरत असूनही समुद्र वरपर्यंत थंड होत नाही, याचा अर्थ खालचे पाणी कोठेतरी वर येते आणि येताना वरच्या उबदार पाण्यात मिसळते. ढवळणे थांबले आणि केवळ रेणवीय विसरणावर भिस्त राहिली, तर मिठाला चार किलोमीटर खोलीचा समुद्र पार करायला कोट्यवधी वर्षे लागतील, आणि काही हजार वर्षांतच खोल समुद्र थंड, खाऱ्या, साचलेल्या पाण्याचे डबके होईल. वॉल्टर मंक या सागरवैज्ञानिकाने १९६६ साली, ‘खोल समुद्राच्या पाककृती’ असा अर्थ असणाऱ्या शीर्षकाच्या निबंधात, पॅसिफिकच्या खोल पाण्यातील तापमान, क्षारता आणि किरणोत्सारी कार्बन यांच्या मोजमापांवरून हिशेब मांडला. पाणी दिवसाला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वर येत असावे आणि मिसळण्याचा वेग सेकंदाला सुमारे एक चौरस सेंटिमीटर असावा, असे त्याला आढळले. या दुसऱ्या राशीला विसरणांक म्हणतात. एखादा डाग किती पसरतो याच्या लांबीच्या वर्गावरून ती ठरत असल्यामुळे तिचे एकक दर सेकंदाला क्षेत्रफळ असे असते, आणि रेणवीय विसरणाच्या तुलनेत मंकचा आकडा हजारो पटींनी मोठा आहे.

हा आकडा हिशेबातून निघालेला होता; समुद्रात प्रत्यक्ष मीठ टाकून कोणी चाखून पाहिलेले नव्हते. ते काम जेम्स लेडवेल, अँड्र्यू वॉटसन आणि क्लिफर्ड लॉ यांनी मे १९९२ मध्ये केले. त्यांचे मीठ म्हणजे सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू. तो रंगहीन, विषारी नसलेला आणि रासायनिक दृष्ट्या कमालीचा अलिप्त आहे. पाण्यातील कोणत्याही द्रव्याशी तो संयोग पावत नाही, जीवजंतू त्याला खात नाहीत, आणि एका लिटर पाण्यात त्याचे प्रमाण एका ग्रॅमच्या दहा लाख कोटीव्या भागाइतके असले तरी यंत्राला ते कळते. कॅनरी बेटांच्या पश्चिमेस सुमारे १२०० किलोमीटरवर, अटलांटिकच्या मोकळ्या भागात, जहाजामागे लांब तारेने एक चौकट ओढली गेली आणि तिच्यातून १३९ किलो वायू सुमारे ३१० मीटर खोलीवर सोडण्यात आला. यातली कसोटी खोली सांभाळण्याची नव्हती, कारण समुद्राच्या पोटातही लाटा उठतात आणि एकाच घनतेचे पाणी दिवसाकाठी कितीतरी मीटर वरखाली होते. म्हणून चौकट सतत पाण्याची घनता मोजत राही, आणि तिला त्याच घनतेच्या पाण्यात धरून ठेवण्यासाठी तार आत-बाहेर सोडली जाई. हातात पेला धरून हलत्या होडीत चालणाऱ्या माणसाने पाणी सांडू न देण्यासारखी ही कसरत होती.

सहा महिन्यांनी आणि नंतर पुन्हा जहाजे त्या भागात गेली तेव्हा आडव्या दिशेने डाग विलक्षण ताणला गेला होता. प्रवाहांनी आणि भोवऱ्यांनी त्याचे लांबच लांब धागे काढले होते, ते धागे पुढे एकमेकांवर दुमडून शेकडो किलोमीटरांचा विस्तार व्यापत गेले. उभ्या दिशेने मात्र त्याच डागाची जाडी काही डझन मीटरांपलीकडे गेली नव्हती. कागदावर सांडलेल्या शाईच्या थेंबाला बोटाने फासावे आणि तरीही ती कागदाच्या आत अजिबात झिरपू नये, तसे काहीसे हे दृश्य होते. त्यावरून निघालेला विसरणांक सेकंदाला ०.१ चौरस सेंटिमीटरच्या जवळपास, म्हणजे मंकच्या आकड्याच्या केवळ दहाव्या हिश्श्याएवढा होता.

हिशेब सांगतो त्याच्या दहापट कमी मिसळणे जर मोकळ्या समुद्रात होत असेल, तर उरलेले मिसळणे कोठे होते? याचे उत्तर शोधण्यासाठी १९९६ मध्ये दक्षिण अटलांटिकमधील ब्राझील खोऱ्यात, चार किलोमीटर खोलीवर, मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या खडबडीत उतारांवरील पाण्यात ११० किलो वायू सोडण्यात आला, आणि तेथे विसरणांक सेकंदाला दोन ते चार चौरस सेंटिमीटर मिळाला. तळाच्या जवळ जावे तसा तो आणखी वाढत होता. भरती-ओहोटीचे पाणी समुद्रतळाच्या डोंगरांवरून जाते तेव्हा पाण्याच्या पोटात लाटा उठतात, त्या फुटतात, आणि त्या फुटण्यातून होणाऱ्या संक्षोभाने, म्हणजे अनियमित खळबळीने, थर एकमेकांत कालवले जातात. मंक आणि कार्ल वुन्श यांनी १९९८ मध्ये हिशेब मांडला की खोल समुद्र ढवळलेला ठेवण्यासाठी सुमारे दोन टेरावॉट, म्हणजे दोन लाख कोटी वॉट, शक्ती लागते, आणि तिचा जवळपास निम्मा वाटा चंद्राच्या ओढीने उठणाऱ्या भरतीकडून आणि बाकीचा वाऱ्याकडून येतो. श्वेतकेतूच्या भांड्यातला हात समुद्राच्या बाबतीत चंद्राचा निघाला, असे म्हणताना कोणाही मराठी माणसाला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. किनाऱ्यावर दिसणारे उधाण हे त्याच ओढीचे वरवरचे रूप आहे, तिचे एक मोठे काम डोळ्यांआड, अंधारात, पर्वतांच्या कडांवर चाललेले असते.

येथे अभेदाच्या दृष्टांताची पहिली दुर्लक्षित जागा स्पष्ट होते. शांकर वेदांतात ब्रह्मैक्य हे सिद्ध मानले जाते, साध्य नव्हे. म्हणजे ते कोणत्याही क्रियेने उत्पन्न होत नाही, ते आधीपासूनच आहे आणि ज्ञानाने केवळ प्रकट होते. मिठाचे पाण्यात एकरूप होणे मात्र आरंभापासून अंतापर्यंत क्रियाच आहे: तिला वेळ लागतो, शक्ती लागते, आणि ती सर्वत्र सारख्या वेगाने होत नाही. दृष्टांत एका अंगानेच लागू करायचा असतो, सर्वांगाने नव्हे, हा शास्त्राचा नियम येथे आठवावा लागतो, आणि तो मान्य केल्यास सिद्धान्ताला धक्का लागत नाही. परंतु भक्तिमार्गाच्या दृष्टीने पाहता, दृष्टांताचे जे अंग वेदांत्याला सोडून द्यावे लागते तेच अधिक सत्य वाटते. वारकरी परंपरेत देवाशी समरस होणे म्हणजे वर्षानुवर्षांची वारी, नित्याचे नामस्मरण आणि संतांची संगत. तेथे एकरूपता ही एका रात्रीत आपोआप मिळणारी गोष्ट म्हणून कोणी सांगत नाही. कित्येक महिन्यांनी पाहिले तरी उभ्या दिशेने थोडकाच सरकलेला समुद्रातला तो डाग समरसतेच्या या मंद वाटेचे अधिक प्रामाणिक चित्र आहे.

दुसरी जागा याहून खोल आहे. ट्रेसर काही सांगू शकतो तो केवळ मिसळणे अपुरे असेपर्यंत. सोडल्याक्षणी तो एका रेषेत असतो आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीच नसते. सर्व महासागरांत तो समप्रमाणात पसरल्यावरही त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरत नाही, कारण कोठूनही पाणी काढले तरी आकडा तोच. वेग, दिशा, वाट हे सारे ज्ञान या दोन अवस्थांच्या मधल्या काळात, कोठे जास्त आणि कोठे कमी असण्यात, सामावलेले असते. उद्दालकाने तीन ठिकाणी चाखायला लावले आणि तिन्ही उत्तरे सारखी आली. त्यातून मीठ सर्वत्र आहे एवढे कळले, पण ते तेथे कसे आणि केव्हा पोहोचले हे कायमचे गेले. तिन्ही उत्तरे वेगळी आली असती तर ते समजले असते. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला जे सांगितले, की जाणण्याला दोन लागतात आणि एकत्वात जाणणे संपते, ते सागरवैज्ञानिकाच्या रोजच्या कामाचे अचूक वर्णन ठरते. रामकृष्णांच्या बाहुलीला खोली सांगता आली नाही, कारण ती समुद्राच्या फारच जवळची होती, मिठाचीच होती. सल्फर हेक्झाफ्लोराइडला ती सांगता येते, कारण तो समुद्रात सर्वत्र जाऊनही समुद्राचा होत नाही.

पण समुद्राला अनोळखी असणारे द्रव्य त्याच्यात टाकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न येथेच उभा राहतो, आणि तो धर्माचा प्रश्न आहे. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा ज्ञात वायूंपैकी अत्यंत प्रखर हरितगृह वायू आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजारांहून अधिक किलोंइतकी उष्णता अडवतो. १३९ किलोंची किंमत त्या मापाने तीन हजार टनांहून जास्त भरते. विजेच्या उपकरणांतून जगभर दरवर्षी हजारो टन हा वायू निसटतो, त्यापुढे हे प्रमाण नगण्य आहे, आणि समुद्राच्या मिसळण्याविषयीचे ज्ञान हवामान समजून घेण्यासाठी अनिवार्य आहे, हा बचाव सबळ आहे आणि तो मान्य करायला हरकत नाही. तरीही शुद्ध ज्ञानासाठी केलेल्या कृतीलाही जगात मागे उरणारे काही असते, ही जाणीव त्या बचावाने पुसली जाऊ नये.

हेतुपुरस्सर सोडलेल्या द्रव्यांपेक्षा मानवाच्या इतर कृत्यांनी समुद्रात गेलेल्या खुणा कितीतरी मोठ्या आहेत. १९५० आणि १९६० च्या दशकांत वातावरणात केलेल्या अणुचाचण्यांनी ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक, म्हणजे तेच मूलद्रव्य पण जड अणूच्या रूपात, प्रचंड प्रमाणात हवेत सोडला. तो पावसाच्या पाण्याचाच घटक होऊन समुद्रात आला, आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या जिओसेक्स या मोहिमेने तो उत्तर अटलांटिकच्या तळापर्यंत पोहोचलेला पाहिला. थोडक्या वर्षांत पृष्ठभागाचे पाणी इतक्या खाली जाते याचा तो थेट पुरावा होता. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मा होतो आणि त्याचा हेलियम-३ बनतो. पाणी पृष्ठभागावर असेपर्यंत हा हेलियम हवेत निघून जातो, पाणी बुडाले की तो साठू लागतो, आणि मुलाचे बापाशी प्रमाण पाहून ते पाणी केव्हा बुडाले हे सांगता येते. शीतकपाटांसाठी बनवलेले क्लोरोफ्लुरोकार्बनही असेच उपयोगी पडले, कारण हवेतले त्यांचे प्रमाण वर्षागणिक वाढत गेले आणि प्रत्येक वर्षीच्या बुडणाऱ्या पाण्यावर त्या वर्षाचा शिक्का बसला.

ज्या कृत्यांनी ओझोनचा थर फाडला आणि जगाला अणुयुद्धाच्या काठावर नेले, त्यांनीच समुद्राची घड्याळे पुरवली. चुकीतून आलेले ज्ञान वापरावे काय, याचे उत्तर कर्मसिद्धान्तात नकारात्मक मिळत नाही, कारण कर्माचे फळ भोगावेच लागते आणि ते डोळसपणे पाहणे हा भोगाचाच एक भाग आहे. विचार करायला लावणारी गोष्ट वेगळी आहे. १९६३ मध्ये वातावरणातील चाचण्यांवर बंदीचा करार झाला, १९८७ मध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन आवरण्यासाठी माँट्रियल करार झाला, आणि दोन्ही घड्याळे मंदावू लागली. चाचण्यांच्या काळातल्या ट्रिटियमचा आज तिसावा हिस्साही उरलेला नाही. क्लोरोफ्लुरोकार्बनचे हवेतले प्रमाण उतरणीला लागल्याने एकाच मोजमापाची दोन-दोन वर्षे निघू शकतात. मानवाने स्वतःला आवरले की समुद्राचे वाचन अवघड होते, आणि कोणाही सागरवैज्ञानिकाने याबद्दल तक्रार करू नये इतकी ही अडचण स्वागतार्ह आहे.

समुद्र सर्व काही पोटात घेतो आणि शुद्ध करतो ही श्रद्धा या देशात जुनी आहे. अस्थी तेथेच नेतात, मूर्ती तेथेच विसर्जित करतात. या श्रद्धेचा आधुनिक अवतार म्हणजे पुरेसे विरळ केले की काहीही नाहीसे होते, हा समज. अणुयुगाच्या आरंभी किरणोत्सारी कचरा खोल समुद्रात टाकावा काय याची गंभीर चर्चा होती, आणि तिचा निकाल खालचे पाणी वर यायला किती काळ लागतो या एका आकड्यावर अवलंबून होता. समुद्रात कचरा टाकण्याविषयीच्या १९७२ च्या लंडन कराराने अतिकिरणोत्सारी कचऱ्याला आणि १९९३ च्या दुरुस्तीने सर्वच किरणोत्सारी कचऱ्याला मनाई केली. २०२१ मध्ये आयर्लंडच्या वायव्येकडील रॉकॉल द्रोणीतील एका दरीत तळालगत हिरवा रंग सोडून पाहिले, तेव्हा तळाच्या उताराला लगटून पाणी दिवसाला सुमारे शंभर मीटर वेगाने वर चढताना आढळले. मंकच्या सव्वा सेंटिमीटरच्या सरासरीआड असे झपाट्याचे जिने दडलेले होते. समुद्रतळाला कायमची तिजोरी समजणाऱ्याने हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९९२ मध्ये सोडलेल्या त्या १३९ किलोंचे पुढे काय झाले, याचे उत्तर आज कोणालाही देता येत नाही. तो वायू समुद्रात नष्ट होत नाही, त्यामुळे तो पाण्यात किंवा पाण्यातून सुटून हवेत आहेच. परंतु दरम्यानच्या काळात हवेतील सल्फर हेक्झाफ्लोराइड वाढत गेला, पृष्ठभागातून तोही पाण्यात उतरू लागला, आणि पाण्यात आढळणारा एखादा रेणू त्या मे महिन्यातल्या चौकटीतून आलेला की कोठल्या वीजकेंद्रातून निसटलेला हे ओळखण्याचा कोणताही उपाय राहिला नाही. म्हणूनच २००९ मध्ये दक्षिण महासागरातील प्रयोगासाठी ७६ किलोंचा वेगळाच वायू, ट्रायफ्लुरोमिथिल सल्फर पेंटाफ्लोराइड, निवडावा लागला. द्रव्य आहे, संज्ञा नाही. मैत्रेयी ज्या वाक्यापाशी अडखळली होती, त्याची ही सागरी प्रत अटलांटिकच्या पाण्यात अजूनही पसरत आहे, आणि चंद्र तिला दिवसातून दोनदा ढवळत आहे.